गाडी मुलाची, पण बॅटरी घराची



वर्षअखेरची सुटी आली की आपल्या बेटावरील घराघरांत एक ठरलेले दृश्य दिसते. परीक्षेचा निकाल लागलेला असतो, बानानेच्या भेटी आणण्याची गडबड असते आणि अंगणात किंवा गल्लीत एखादा मुलगा हातात रिमोट घेऊन छोटी मोटार पळवीत असतो. कोणाची गाडी दुकानातील साधी असते. कोणाची गाडी मात्र खऱ्या शौकिनांची, वेगळी मोटर, वेगळा चार्जर आणि वेगळी बॅटरी असलेली असते. आपण मोठी माणसे गाडीकडे पाहतो, तिच्या वेगाचे कौतुक करतो, किंमत ऐकून थोडे हळहळतो. तिच्या पोटातील बॅटरीकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. माझेही गेले नव्हते, म्हणून हा लेख लिहावा लागत आहे.

माझे म्हणणे प्रथमच सांगून टाकते. गाडी मुलाची असू शकते. पण तिची बॅटरी ही घराची वस्तू आहे. ज्याप्रमाणे स्वयंपाकघरातील गॅस सर्वांनी मिळून सांभाळावयाचा असतो, त्याचप्रमाणे ही बॅटरीही घरातील सर्वांना समजली पाहिजे. एकट्या मुलावर तिची जबाबदारी टाकणे हे चूक आहे, आणि घाबरून गाडीच फेकून देणे हेही तितकेच चूक आहे.

गेल्या सुटीतील गोष्ट. माझा तेरा वर्षांचा मुलगा दोन वर्षे एक जुनी रिमोटची गाडी चालवीत होता. तिच्यात निकेलची बॅटरी होती. माझा भाऊ इंग्लंडात असतो. तो भेटीला आला तेव्हा त्याने भाच्यासाठी एक नवी बॅटरी आणली. तिला लिथियम-पॉलिमर म्हणतात. मुले तिला 'लायपो' म्हणतात. जुनी बॅटरी ७.२ व्होल्टची, नवी ७.४ व्होल्टची. आकार जवळजवळ सारखा, प्लगही बसला. गाडी अशी धावली की शेजारची मुले टाळ्या वाजवू लागली. संध्याकाळी मुलाने देवघराबाहेरच्या पडवीत चटईवर चार्जर ठेवला, बॅटरी लावली आणि तो मामाबरोबर बाहेर गेला. मी उत्तरपत्रिका तपासत होते.

थोड्या वेळाने माझी आई म्हणाली, "अगं, देवघरापाशी कसला गोडसर वास येतोय? मी तर उदबत्ती लावलेली नाही."

मी जाऊन पाहिले तेव्हा बॅटरी उशीसारखी फुगली होती आणि तापली होती. मी भिंतीवरील बटण बंद केले, फावड्यावर घेऊन ती अंगणात नेली आणि तुळशीपासून दूर, मोकळ्या जमिनीवर ठेवली. त्या वेळी मला सुचले ते केले. आज मला ठाऊक आहे की फुगून तापलेल्या बॅटरीजवळ जाणे हेच धोक्याचे असते. धूर निघू लागला असता तर तिला हात न लावता आईला घेऊन बाहेर पडणे आणि अग्निशमन दलाला बोलावणे, एवढेच शहाणपणाचे ठरले असते. सुदैवाने ती पेटली नाही. चटई वाचली, घर वाचले, आणि मुख्य म्हणजे एकटी झोपलेली असती तर जिला काहीच कळले नसते, ती माझी आई वाचली.

मुलगा परत आल्यावर मी त्याला खूप रागे भरले. रात्री मात्र मी भिंग घेऊन चार्जरची माहितीपुस्तिका वाचली आणि माझी मान खाली गेली. चार्जर निकेलच्या खुणेवरच राहिला होता. निकेलची बॅटरी भरत आली की तिचा दाब शेवटी किंचित खाली येतो. ती उतरण ओळखून चार्जर थांबतो. लिथियमच्या बॅटरीत अशी उतरण येतच नाही. म्हणून बिचारा चार्जर वाट पाहत राहिला आणि वीज भरीत राहिला. बॅटरीला एक मोठा प्लग आणि एक लहान पांढरा प्लग होता. तो लहान प्लग प्रत्येक सेलवर लक्ष ठेवण्यासाठी असतो. पण तो तसाच लोंबकळत होता. हे सर्व पुस्तिकेत लिहिलेले होते, बारीक इंग्रजी अक्षरांत. मुलाने ती वाचली नाही. भावाने वाचली नाही. आणि दररोज चाळीस मुलांना 'प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा' असे सांगणाऱ्या मी शिक्षिकेनेही ती वाचली नाही.

तेव्हा आता थोडा पाठ घेऊ या. कंटाळा करू नये, कारण यात गणित सोपे आहे.

ज्यांचे बालपण १९८०च्या दशकात गेले, त्यांना जपानच्या तामिया कंपनीची १९८४ सालची 'हॉर्नेट' ही गाडी कदाचित आठवत असेल. त्या काळच्या गाड्यांत निकेल-कॅडमियमची ७.२ व्होल्टची बॅटरी असे आणि तिची साठवण साधारण १२०० मिलिअँपिअर-तास असे. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार केला की ऊर्जा मिळते: ७.२ गुणिले १.२ म्हणजे सुमारे साडेआठ वॅट-तास. माझ्या भावाने आणलेली बॅटरी ७.४ व्होल्ट आणि ५००० मिलिअँपिअर-तासांची. म्हणजे ३७ वॅट-तास. जवळजवळ तेवढ्याच पेटीत चौपटीहून अधिक ऊर्जा! जी सवय जुन्या बॅटरीला चालून गेली ती नव्या बॅटरीला चालणार नाही, याचे मूळ कारण हे आहे.

लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणली. तिच्या शोधासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघा शास्त्रज्ञांना २०१९चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही वस्तू वाईट नाही. आपल्या खिशातील फोन तिच्यावरच चालतो. फरक एवढाच की फोनमध्ये तिच्यावर पहारा ठेवणारी यंत्रणा आत बसवलेली असते. शौकिनांच्या गाडीच्या लायपो बॅटरीत ती बहुधा नसते. तेथे पहारेकरी आपणच.

लिथियमच्या एका सेलला तीन आकडे लक्षात ठेवावे लागतात. पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट, त्याच्या वर कधीही नाही. वापरताना ३ व्होल्टच्या खाली कधीही नाही; किंबहुना ३.३ ते ३.५च्या आसपास थांबणे चांगले. आणि ठेवून देताना सुमारे ३.८. आपल्या बॅटरीत दोन सेल असतील तर हे आकडे दुप्पट करावेत.

गाडीत मोटरला वीज देणारा जो भाग असतो, त्याला स्पीड कंट्रोलर म्हणतात. बॅटरी फार खाली गेली की तो गाडी थांबवू शकतो, पण तशी खूण त्याच्यावर लावलेली असली तरच. माझ्या मुलाच्या जुन्या गाडीत ती सोयच नव्हती. म्हणजे त्या दिवशी बॅटरीला प्रथम उपाशी मारले आणि नंतर अजीर्ण होईपर्यंत भरवले. लिथियमची बॅटरी विकत घेण्यापूर्वी आपल्या गाडीचा कंट्रोलर आणि आपला चार्जर, दोन्ही तिच्यासाठी आहेत की नाहीत हे पाहावे. प्लग बसतो म्हणून बॅटरी चालते, असे मानू नये.

पुष्कळ पालक विचारतात, "एवढी महाग बॅटरी, मग गाडी पंधराच मिनिटे का चालते?" याचेही उत्तर गणितात आहे. गाडी सरासरी २० अँपिअर वीज ओढत असेल, तर ५ अँपिअर-तास भागिले २० म्हणजे पाव तास. यात बॅटरीचा दोष नाही. पण तीच गाडी उंच गवतात किंवा उसाच्या शेताकडेच्या चिखलवाटेवर घातली, चाकांत दोरा-केस गुंडाळले गेले, बेअरिंगमध्ये वाळू शिरली, की मोटर जास्त वीज ओढते. वेळ कमी होतो आणि बॅटरी तापते. ज्याला बॅटरी जास्त दिवस टिकवायची आहे, त्याने आधी गाडी स्वच्छ ठेवावी. फ्लिक-आँ-फ्लाकच्या किनाऱ्यावर गाडी पळवून आल्यावर तिला तशीच पिशवीत कोंबणाऱ्या मुलांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. खाऱ्या हवेने आणि खाऱ्या पाण्याने प्लगवर गंज चढतो, गंजलेला प्लग तापतो आणि दोष बॅटरीच्या माथी येतो.

आपल्या हवेचाही विचार केला पाहिजे. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीच्या आत किती उष्मा होतो हे आपण सर्व जाणतो. डिसेंबर-जानेवारीत पोर्ट लुईला किंवा पश्चिम किनाऱ्यावर बंद मोटारीच्या डिकीत लिथियमची बॅटरी ठेवणे म्हणजे तिचे आयुष्य आपल्या हाताने कमी करणे होय, आणि ते धोक्याचेही आहे. क्यूरपिप-वाक्वाच्या थंड हवेत उष्म्याचे भय कमी, पण तेथे दमट हवेने प्लग खराब होतात. गाडी चालवून झाल्यावर बॅटरी हाताला गरम लागत असेल तर अर्धा तास थांबावे, ती निवू द्यावी आणि मगच चार्ज करावी. हातात धरवत नसेल इतकी तापत असेल, तर गाडीत काहीतरी बिघाड आहे असे समजावे.

चार्ज करण्याचा वेगही ठरलेला असतो. बनवणाऱ्याने वेगळे काही लिहिले नसेल, तर जितके अँपिअर-तास तितकेच अँपिअर: ५००० मिलिअँपिअर-तासांना ५ अँपिअर. त्याला साधारण एक तास लागतो. घाई करून दुप्पट वेगाने भरू नये. जागा फरशीची किंवा सिमेंटची असावी. चटई, सोफा, गादी, लाकडी कपाट यांच्यापासून दूर असावी. मातीची मोठी रिकामी कुंडी यासाठी चांगली. तिचे तोंड घट्ट बंद करू नये. आणि घरातील एखादे जाणते माणूस जागे असावे व जवळपास असावे. रात्री झोपताना चार्जिंग लावणे ही सवय फोनने आपल्याला लावली आहे. ती या बॅटरीपुरती तरी मोडली पाहिजे.

आता ठेवणीविषयी. सुटी संपली, शाळा सुरू झाली, की गाडी कपाटावर जाते आणि भरलेली बॅटरी तिच्यातच राहते. निकेलची बॅटरी हे बरेच सोसते. पडून पडून हळूहळू रिकामी होते, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा भरली की झाले. लिथियमची सोसत नाही. पूर्ण भरून आठवडेच्या आठवडे ठेवली तर ती आतून झिजते आणि फुगू लागते. गाडीत तशीच लावून ठेवली तर बारीक गळतीने पार रिकामी होते. दोन-तीन दिवसांत वापरायची नसेल तर गाडीतून काढावी आणि चार्जरवर 'स्टोरेज'ची खूण लावून मध्यावर आणून ठेवावी. रिमोटमधील साधे सेलही काढून ठेवावेत. ते गळले की रिमोट गेलाच म्हणून समजा.

येथे आपल्या बेटाची एक खास गोष्ट सांगितली पाहिजे. वादळाचा इशारा मिळाला की आपण टॉर्च, फोन, रेडिओ सगळे चार्ज करावयास धावतो. २०२४च्या जानेवारीत बेलाल वादळ आले तेव्हा हे आपण सर्वांनी केले. त्या गर्दीत मुलेही आपल्या गाडीची बॅटरी लावतात. ते होऊ देऊ नये. वादळात दारे-खिडक्या बंद असतात, बाहेर पडता येत नाही, अग्निशमन दलालाही येणे कठीण. अशा बंद घरात लिथियमच्या बॅटरीचा धूर पसरला तर तो विषारी असतो. खेळण्याची बॅटरी वादळ गेल्यावर भरता येते.

विमान कंपन्या या वस्तूला किती गंभीरपणे घेतात हेही पाहा. १ एप्रिल २०१६पासून प्रवासी विमानातून लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून पाठवण्यास बंदी आहे. प्रवाशाला सुटी बॅटरी सामानाच्या बॅगेत टाकता येत नाही. ती स्वतःजवळ, प्लग झाकून, केबिनमध्येच न्यावी लागते, आणि १०० वॅट-तासांपेक्षा मोठी असेल तर कंपनीची परवानगी लागते. विमानात ज्या वस्तूची एवढी काळजी घेतात, तीच घरी आल्यावर आपण मुलाच्या पलंगाखाली सरकवून देतो!

आणि जुनी, फुगलेली बॅटरी कोठे जाते? बहुतेक घरांतून ती कचऱ्याच्या डब्यात जाते, तेथून गाडीत, आणि शेवटी मार शिकोजच्या कचराभूमीवर. आपले बेट लहान आहे. येथे 'दूर फेकून दिले' असे काही नसते. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेलेली लिथियमची बॅटरी पेट घेऊ शकते, आणि जुन्या निकेल-कॅडमियमच्या बॅटरीतील कॅडमियम हे विष आहे. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये, टोचू नये, दाबू नये. प्लगवर चिकटपट्टी लावून ती वाळूच्या डब्यात, घराबाहेर, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी आणि जुन्या बॅटऱ्या गोळा करणाऱ्यांकडे विचारून द्यावी. काही दुकाने अशा पेट्या ठेवतात. बॅटरी विकणाऱ्या प्रत्येक दुकानाने ती परत घेतलीच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. नफा घ्यावयाचा दुकानाने आणि विष सांभाळावयाचे बेटाने, हा व्यवहार बरा नाही.

आमच्याकडे तो प्रसंग घडल्यावर शेजारच्या काकी म्हणाल्या, "बाई, टाक ती गाडी फेकून आणि पोराला चेंडू घेऊन दे." काकींचा सल्ला मायेचा होता. मलाही दोन दिवस तेच वाटत होते. पण मी विचार केला: हाच मुलगा शाळेत विजेचा धडा पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. या गाडीमुळे तो आपण होऊन व्होल्ट मोजतो, भागाकार करतो, स्क्रू-ड्रायव्हर धरतो. असे शिक्षण त्याच्या हातून काढून घ्यावे काय? उद्या घराघरांत विजेची सायकल, विजेची मोटार येणार आहे. तेव्हा तो मोठ्या बॅटरीपुढे अडाणीच राहावा काय?

मी प्रथम जे केले तेही सांगते. मी एक यादी लिहून भिंतीवर लावली: हे करू नको, त्याला हात लावू नको, तेथे ठेवू नको. आठ दिवसांत ती यादी कोणी वाचेनासे झाले. अध्यापनाच्या प्रशिक्षणात आम्हांला शिकवले होते की मुलाला 'करू नको' म्हणण्यापेक्षा 'असे कर' हे दाखवावे. वर्गात मी ते पाळते. घरी विसरले होते.

मग मी मुलाला सांगितले, "यादी तू लिही, आणि आजीला समजेल अशी लिही. दुपारी घरात तीच असते." आता माझी आई घरात क्रिऑलच बोलते, पण लहानपणी गावच्या बैठकेत देवनागरी शिकलेली आहे आणि पोथी वाचते. इंग्रजी पुस्तिका तिच्या काही कामाची नाही. मुलगा शाळेबाहेर कधी मराठीची ओळ लिहीत नाही. तो वही घेऊन बसला, दोनदा माझ्याकडे आणि चारदा आजीकडे शब्द विचारावयास आला. 'फुगणे' हा शब्द त्याला आजीने दिला, पोळीवरून. शेवटी पाच ओळी तयार झाल्या:

१. चार्ज करण्याआधी खूण पाहावी: निकेल की लिथियम.
२. दोन्ही प्लग लावावेत.
३. कुंडीत ठेवावी, फरशीवर. कोणीतरी जागे असताना.
४. गरम बॅटरी निवू द्यावी. ठेवताना अर्धी ठेवावी.
५. गोड वास आला, फुगली किंवा धूर दिसला तर आजीने हात लावू नये. लांबून बटण बंद करता आले तर करावे, नाही तर बाहेर यावे आणि हाक मारावी.

पाचवी ओळ आजीने स्वतः सांगून लिहून घेतली. आज तो कागद देवघराबाहेर, बटणाच्या वर चिकटवलेला आहे. शेजारी एक छोटी वही टांगली आहे. तिच्यात मुलगा प्रत्येक चार्जची तारीख, किती मिनिटे गाडी चालली आणि प्रत्येक सेलचे व्होल्ट लिहितो. मिनिटे कमी होत चालली किंवा दोन सेलांत फरक पडू लागला, की बॅटरी म्हातारी झाली हे वहीवरूनच कळते; फुगण्याची वाट पाहावी लागत नाही. नवी बॅटरी त्याने आपल्या साठवलेल्या पैशांतून घेतली, पण तत्पूर्वी कंट्रोलर आणि चार्जर दोन्ही तपासले. पुस्तिका या वेळी आम्ही दोघांनी मिळून वाचली.

वाचकहो, आपल्या घरी अशी गाडी असेल तर या रविवारी एवढेच करावे: मुलाला जवळ बसवावे, बॅटरी हातात घ्यावी आणि तिच्यावर काय लिहिले आहे ते त्याच्याकडून वाचून घ्यावे. नंतर चार्जर कोठे ठेवला जातो ते पाहावे. आणि दुपारी घरात जे वडीलधारे माणूस असते, त्याला ते त्याच्या भाषेत सांगावे. माहितीपुस्तिका लिहिणाऱ्याला आपली आजी ठाऊक नाही. तिच्यासाठी लिहिणे हे आपले काम आहे.